पुरवणी न घेणारी शुभांगी

शुभांगी नंदनवार आमच्या स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसली आहे, असं दृश्य मी पहिली काही वर्षं पाहिलंच नाही. बेसा भागातल्या एका क्लासमध्ये आम्ही बारावीच्या मुलांना वकिलीच्या प्रवेशपरीक्षेसाठी तयार करत असू. मी इंग्रजी शिकवायचो, ती तर्क. स्टाफरूम म्हणजे दोन कपाटांमधली जागा आणि प्लास्टिकच्या चार खुर्च्या. त्यातली एक तिची, आणि त्या खुर्चीवर कायम तिचं हेल्मेट बसलेलं. चहा ती उभ्यानं प्यायची, डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानं खायची, आणि पेपर तपासायचे असले की गठ्ठा हातात घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालायची. मी जन्माचा बैठा माणूस. एकदा खुर्ची सापडली की मला उठवायला घंटाच लागते. तिच्याकडे नुसतं पाहूनही मला दम लागायचा. जरा टेका म्हटलं की ती म्हणे, "टेकली की मले वाटते, काहीतरी सुटून राहिलं." काय सुटतंय ते तिलाही सांगता येत नसे.

ती वाडीहून स्कूटीनं यायची. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोदामं, रांगेनं उभे ट्रक आणि त्यांच्या मागे भाड्याच्या खोल्या. अशाच दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील राहत. श्यामरावजी मूळचे उमरेडचे विणकर. घरचा हातमाग बंद पडला तेव्हा ते बिनआईच्या मुलीला घेऊन वाडीत आले आणि एका गोदामात कामाला लागले. ती कॉलेजात असताना त्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, आणि ते घरी बसले. हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळलं. शुभांगी स्वतःबद्दल विचारल्याशिवाय बोलत नसे, आणि विचारलं तर विचारलं तितकंच.

हे "विचारलं तितकंच" म्हणजे तिचा धर्म होता. वर्गात एखादा मुलगा उत्तराला नमनाचं घडाभर तेल घालू लागला की ती खडू वर करून म्हणे, "प्रश्न वाच. इतकं कोणी विचारलं?" मुलं तिला टरकून असत आणि तिच्यावर जीवही टाकत. तिच्या तासाला बाहेरच्या व्हरांड्यात माझ्या वर्गातली मुलंही कान देऊन उभी असत. मी ते खपवून घेई, कारण मलाही ऐकायचं असे.

क्लासच्या खाली पोह्यांचा ठेला होता. पोह्यांवर तर्री, म्हणजे हरभऱ्याचा लाल रस्सा, प्लेटबरोबर एकदा मिळे. पुन्हापुन्हा मागणाऱ्यांना कंटाळून ठेलेवाल्यानं पाटी लावली, की दुसऱ्यांदा तर्री मागू नये. शुभांगीनं पाटी वाचली, अर्धे पोहे खाल्ले आणि अवाक्षर न काढता प्लेट पुढे धरली. ठेलेवाला पाटीकडे बोट दाखवू लागला. तिनं त्याला शांतपणे समजावलं, की भाऊ, मी मागितली कुठं, मी नुसती प्लेट धरली, आणि प्लेट धरू नये असं तुमच्या पाटीत नाही. मागे उभी असलेली आमची पोरं लगेच प्लेटा धरून रांगेला लागली. दुसऱ्या दिवशी पाटी बदलली होती. तर्री एकदाच मिळेल, असं सरळ लिहिलं होतं. शुभांगीनं ती वाचली, आता बरोबर झाली म्हणाली, आणि उरलेले पोहे कोरडे खाऊन वर आली. ठेलेवाल्यानं आपण होऊन पळी उचलली होती, तर तिनं प्लेटवर हात आडवा धरला. नियम तिच्या बाजूचा असो की विरुद्ध, तिला तो नीट लिहिलेला असला म्हणजे झालं.

अशा बाईला वकिलीला कोणी का पाठवलं नव्हतं, याचं कारण तिच्या पदवीच्या गुणपत्रिका. पास झाली, इतकंच त्यांच्याबद्दल बरं बोलता येईल. आमच्याकडे पेपर लिहिण्याची एक रीत आहे. उत्तर येवो न येवो, पुरवणी घ्यायची. उत्तरपत्रिका भरली की हात वर करायचा, जादा पानं मागायची आणि दोऱ्यानं बांधायची. तपासणारा म्हणे जाडी पाहून गुण देतो. पेपर सुटल्यावर मुलं एकमेकांना पेपर कसा गेला ते विचारत नाहीत, पुरवण्या किती घेतल्या ते विचारतात. शुभांगीनं जन्मात पुरवणी घेतली नाही. कारणे लिहा म्हटलं की ती कारणं लिही, तीही दोन ओळींत, आणि बाहेर सोडायची वेळ झाली रे झाली की उठून चालू लागे. तीन तासांचा पेपर तिच्यासाठी तासाभराचा असे.

उलट गोल काळे करायच्या परीक्षेत ती राणी होती. आमच्या मुलांची परीक्षा कशी आली ते पाहायला म्हणून ती दरवर्षी स्वतःही अर्ज भरे आणि परीक्षेला बसे. निकाल लागला की आमची हुशारातली हुशार पोरं तिच्या मागे असत. क्लासचे मालक गिरडकर सर तिचे गुण पालकांना मोठ्या अभिमानानं सांगत. पालक विचारत, मग मॅडम स्वतः का नाही गेल्या? गिरडकर सर चहा मागवत.

हाच प्रश्न एकदा दुसरीकडून आला. आमची एक मुलगी दक्षिणेतल्या कायद्याच्या एका कॉलेजात पोचली होती. देशात पहिली चार-पाच नावं घेतात त्यातलं ते. तिनं फोन करून सांगितलं, की मॅडम, इथे पदवी झालेल्यांसाठी तीन वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम आहे, तुम्ही इथे असायला पाहिजे. तिशी ओलांडलेल्या शुभांगीनं फोन ठेवला आणि त्या दिवशी व्हरांड्यात इतक्या फेऱ्या मारल्या, की शेवटी मीच वैतागून म्हटलं, भरून टाका एकदाचा तो अर्ज. ती थबकली. "सर, मार्क पाह्यले का माहे? कोन दारात उभं करन मले?" पण तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तिला ते हवं होतं. इतकं, की मागायची भीती वाटत होती.

परीक्षा तिनं दिली आणि अपेक्षेप्रमाणे गुणांचा धडाका उडवला. पण तिथे एवढ्यावर भागत नव्हतं. ते जुन्या गुणपत्रिका बघत. ज्यांचे गुण कमी, त्यांनी एका पानात कारण लिहायचं. मग तिथे बोलावून एक दीर्घ लेखी पेपर आणि मुलाखत.

गिरडकर सरांनी कारणाचा प्रश्न एका मिनिटात सोडवला. "मॅडम, लकवा लिहा. सोन्यासारखं कारण आहे तुमच्याकडे." तो माणूस वाईट नव्हता. त्यांनी इतक्या मुलांचे अर्ज भरले होते, की कोणाचं दुःख कुठल्या रकान्यात बसतं हे त्यांना तोंडपाठ झालं होतं. शुभांगीनं हेल्मेट उचललं आणि ती निघून गेली.

रविवारी तिनं मला इंग्रजी तपासायला घरी बोलावलं. श्यामरावजी खाटेवर टेकून बसले होते. बोलणं थोडं जड, पण समजत होतं. मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि ती चूल ते दार फिरू लागली. कागद कोराच होता. मी विचारलं, काय लिहायचं ठरलं? उत्तर खाटेवरून आलं.

"लिहून टाक ना वं, बाई. माहा लकवा कोनाच्या तरी कामाले येऊ दे."

मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. श्यामरावजी मात्र मनापासून बोलत होते. इतकी वर्षं मुलीच्या जिवावर खाटेवर पडून असलेल्या माणसाला आपलं पडून राहणं तरी तिला द्यायचं होतं.

शुभांगी दारात थांबली. "तुमी पडले त्या साली मले सगळ्यात जास्त मार्क आहेत, बाबा. दवाखान्यात तुमच्याजवळ बसून राहा लागे. उठता येत नव्हतं, तं अभ्यास झाला."

"मंग बाकीच्या साली काहून कमी पडले?"

"माह्यापायी."

गुणपत्रिका टेबलावर होत्या. मी पाहिलं, तर खरंच, दुसऱ्या वर्षाचे गुण बरे होते आणि मागचे-पुढचे सगळे गाळात. लकव्याचं कारण त्या कागदांनीच खोटं पाडलं असतं. पण मला नाही वाटत तिनं ते पकडलं जाण्याच्या भीतीनं टाळलं. तिनं पानावर दोन ओळी लिहिल्या. विचारलं तितकंच लिहिलं आणि वेळेआधी उठले, याला दुसरं कोणी जबाबदार नाही. खाली अख्खं पान मोकळं. मी म्हटलं, अहो, जरा वाढवा. ती म्हणाली, कारण विचारलं होतं, कारण दिलं. मी दोन्ही ओळींतलं व्याकरण तपासलं आणि घरी आलो.

तरी बोलावणं आलं. ती गेली आणि परत आली. लेखी पेपर तीन तासांचा होता. तिनं दीड पान लिहिलं आणि उठली. मुलाखतीत एका वयस्क प्राध्यापिकेनं तिच्यापुढे ते दीड पान ठेवून विचारलं, की तुमच्या अशिलाचे कागद पाचशे पानांचे आहेत, आणि समोरच्या पक्षाचेही तितकेच, तेव्हा तुम्ही काय कराल? आयुष्यात पहिल्यांदा शुभांगीला विचारलं तितकंसुद्धा उत्तर देता आलं नाही.

मग प्रतीक्षा यादी. नाव यादीत होतं आणि वर सरकत नव्हतं. ते दिवस आठवले तरी अजून मला अस्वस्थ वाटतं. ती शिकवताना मध्येच फोन बघे, स्कूटी चालू करून पुन्हा बंद करी, जिन्यातून खाली जाऊन काही न घेता वर येई. मुलंही धास्तावली. मला तिची कीव येत होती आणि रागही. दीड पान! दीड पान लिहून उठतं का कोणी? शेवटी यादी बंद झाली. त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये शिरलो, तर शुभांगी खुर्चीवर बसली होती. हेल्मेट मांडीवर, दोन्ही पाय जमिनीवर. तिला बसलेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि मला ते बघवलं नाही.

गिरडकर सर म्हणालेच, की लकवा लिहिला असता तर काम झालं असतं. तिनं वादसुद्धा घातला नाही.

यातून तिला बाहेर काढलं श्यामरावजींनी. मी पुढच्या खेपेला वाडीला गेलो तेव्हा ते मलाच समजावू लागले, की पोरगी बसत नाही असं सगळे म्हणतात, पण तिचे पाय तिला बसू देत नाहीत. पायाला काम दिलं नाही तर तो माणसाला उठवणारच. हातमाग त्यांच्या घरी खड्ड्यातला होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून काठावर बसायचं, खाली पायांनी पावड्या दाबत राहायच्या आणि वर हातानं धोटा फेकायचा. ते स्वतःही लहानपणी बसत नसत, तर त्यांच्या बापानं एकच गोष्ट सांगितली होती. ती त्यांनी आता लेकीला सांगितली.

"पाय चालू ठेव. बूड हालू देऊ नोको."

जुन्या पेटीच्या दोन फळ्या विटेवर तिरप्या टाकून टेबलाखाली ठेवल्या गेल्या. शुभांगी टेबलाशी बसून लिही, खाली डावी-उजवी फळी दाबत राही, आणि खाटेवरून श्यामरावजी डोळे मिटून खटखट ऐकत. आवाज थांबला की विचारत, "उठली का वं?" आधी ती अर्ध्या तासात उठे. मग हळूहळू तास गेला, दोन तास गेले. हा उद्योग क्लासमध्येही आला. तिथे फळ्या नव्हत्या, तर ती टेबलाखाली नुसतेच पाय हलवी आणि वर माझ्या बशीतला चहा हिंदकळे. मी तक्रार केली नाही. इतकी वर्षं हेल्मेटनं अडवलेली खुर्ची एकदाची कामी येत होती.

तिनं लिहिलेलं मला तपासावं लागे. सुरुवातीला तिनं नुसता पसारा केला. पानं भरली, पण उत्तर तेच, पाणी घातलेलं. मी तसं सांगितलं तर तिला ते पटलं. असल्या पुरवण्यांवर तर तिनं आयुष्यभर नाक मुरडलं होतं. मग एके दिवशी तिनं एका भाडेकरूच्या भांडणावर लिहिलेलं उत्तर माझ्यापुढे टाकलं. अर्धं उत्तर भाडेकरूच्या बाजूचं होतं, पहिल्यासारखं टोकदार. पण पुढे घरमालकाची बाजू होती, इतक्या समजुतीनं लिहिलेली, की वाचताना मी पक्ष बदलला. मी विचारलं, हे कुठून आलं?

"पहिल्या घंट्यात मले माहंच दिसते, सर," ती म्हणाली. "दुसऱ्या घंट्यात समोरचा दिसाले लागते. मी आतापर्यंत तो दिसायच्या आधीच उठून जात होती."

मला त्या प्राध्यापिकेचा प्रश्न आठवला. तिलाही आठवला असणार.

पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा, पुन्हा तसेच गुण, पुन्हा ते कारणाचं पान. या वेळीही मी वाडीत होतो. तिनं गेल्या वर्षीच्याच दोन ओळी लिहिल्या आणि खाली आणखी दोन वाक्यं घातली, की या वर्षी मी बसायला शिकले. माझ्या वडिलांनी शिकवलं, ते विणकर आहेत. मग तिनं ते मराठीत वाचून दाखवलं. श्यामरावजींनी पुन्हा वाचायला लावलं.

"लकवा नाही लिहिला?"

"नाही. माग लिहिला."

श्यामरावजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. शुभांगी मात्र टेबलाशी बसूनच होती, आणि खाली फळ्या वाजत होत्या.

लेखी पेपर आणि मुलाखतही पुन्हा झाली. निकालाच्या दिवशी मी वर्गात होतो. फोन वाजला. पलीकडे ट्रकांचे हॉर्न, म्हणजे ती रिंग रोडवर कुठेतरी स्कूटी बाजूला लावून उभी असावी. "सर, झालं," इतकंच म्हणाली आणि फोन बंद. मी काही विचारलं नव्हतं. तरी तिनं आपण होऊन सांगितलं. मी तास अर्धवट सोडला, मुलांना कारण सांगितलं, आणि वर्गात जो गलका झाला तो खालच्या ठेल्यापर्यंत गेला. गिरडकर सरांनी तिच्या फोटोचा फ्लेक्स चौकात लावला. तिनं तो पाहिला की नाही, मला माहीत नाही.

श्यामरावजींकडे राहायला उमरेडहून त्यांची बहीण आली. शुभांगी गेली. खुर्ची मोकळी झाली, पण कोणी तिच्यावर बसेना. शेवटी मीच माझं दप्तर तिथे ठेवू लागलो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी श्यामरावजींना भेटायला वाडीला गेलो. खाटेशेजारी स्टुलावर, पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा ठेवलेला. त्यात होस्टेलची खोली आणि टेबलाशी लिहीत बसलेली शुभांगी. वाकलेली मान आणि चालणारा हात, बस. बोलत कोणीच नव्हतं. बहिणीनं सांगितलं, की दर रविवारी असंच असतं. ती लिहायला बसते, फोन सुरू ठेवते, आणि हा बघत राहतो. मीही बसलो. ती उठली नाही. एकदाही नाही.

बऱ्याच वेळानं श्यामरावजी मला म्हणाले, "तिले पाय दाखव म्हना."

मी तिला तसा निरोप टाकला. तिनं तो वाचला, किंचित हसली, आणि फोन उचलून टेबलाखाली वळवला. होस्टेलच्या फरशीवर चपला काढलेले दोन पाय. फळ्या नव्हत्या, तरी डावा, उजवा, डावा, उजवा, थांबायचं नाव नाही. श्यामरावजी पुढे झुकून पाहत होते. खाटेवरून खाली सोडलेला त्यांचा स्वतःचा डावा पाय फरशीवर त्याच ठेक्यात पडत होता, आणि उजव्याची पाळी आली की तेवढा वेळ ते थांबत होते.